गेल्या सात दिवसांत काय खाल्लंत

छापखान्याच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं काम केलं. लग्नपत्रिका, कंपन्यांच्या डायऱ्या, भिंतीवरची कॅलेंडरं. करोनात लग्नं थांबली, कंपन्याही थांबल्या, आणि एका सकाळी मालकांनी फोन करून सांगितलं की आता येऊ नका. बोलताना ते रडत होते, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी घरीच होते. घर म्हणजे गिरगावातली दीड खोली, मी आणि आई. पंचेचाळिशीच्या बाईला नवी नोकरी कोण देणार? शेवटी ओळखीच्या एका बाईंनी कळवलं की सरकारी सर्वेक्षणासाठी कंत्राटावर माणसं घेतायत. पदवी हवी आणि जिने चढायची तयारी हवी. माझ्याकडे दोन्ही होतं.

देशातली माणसं कशावर किती खर्च करतात, ते घरोघरी जाऊन विचारायचं, असं ते काम. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी एक अधिकारी म्हणाले, "तुम्ही कुणालाही मिळकत विचारायची नाही. मिळकत माणूस लपवतो. खर्च मात्र खुशाल सांगतो." आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला ते फार पटलं होतं.

यादी लांबलचक होती. तांदूळ, गहू, डाळी, तेल यांपासून सुरुवात करून केस काळे करायच्या मेंदीपर्यंत. एका बैठकीत माणूस कंटाळतो म्हणून एकेका घरी तीन महिने, महिन्यातून एकदा जायचं. पहिल्यांदा खाण्यापिण्याचं. दुसऱ्यांदा औषधं, फी, फोन, विजेचं बिल. तिसऱ्यांदा कपडे, भांडी, फ्रिज, टीव्ही. भाजी, फळं, मासे, मटण यांचं फक्त मागच्या सात दिवसांचं विचारायचं, कारण त्याआधीचं कुणाला आठवत नाही. आणि प्रत्येक वस्तूपुढे एक छोटा रकाना असे: विकत घेतली, घरची, की कुणाकडून मिळालेली. नीट विचारलं नाही तर हाच रकाना चुकतो, असं आम्हाला पुन्हापुन्हा बजावलं होतं.

मला लालबाग आणि काळाचौकीच्या मधला भाग मिळाला. काही चाळी, दोन नवे टॉवर, एक अर्धवट पाडलेली इमारत. कुठली घरं घ्यायची ते वरून ठरून यायचं, आमच्या हातात काही नसे. त्या यादीत एका चाळीतलं तिसऱ्या मजल्यावरचं एक घर होतं. म्हातारा नवरा, म्हातारी बायको. मुलगा लग्नानंतर नालासोपाऱ्याला गेलेला.

पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी दार उघडलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आदल्या दिवशी खाली नोटीस लावून गेले होते, त्यामुळे माझ्यासाठीच घातला असावा. पंख्याखाली खुर्ची मांडली होती. टॅब ठेवायला स्टूल होतं, स्टुलावर टेबलक्लॉथ. सत्तरीच्या आसपासचा माणूस, बारीक, ताठ. तरुणपणी चारपाच वर्षं गिरणीत होते, गिरणी गेल्यावर फोर्टात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. काकी आत ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचं काम काय, असं विचारल्यावर काका म्हणाले, "ती घरीच असते. सकाळची देवळात जाते भजनाला."

मी "गृहिणी" असं भरलं आणि यादी सुरू केली.

काका उत्तरं द्यायला उत्सुक होते. पुष्कळ घरांत लोक घड्याळाकडे बघत उत्तरं देतात, "लिहा काहीतरी" म्हणतात. हे तसे नव्हते. तांदूळ किती, तर रेशनचा किती आणि गावाहून भावाने पाठवलेला उकडा किती, हे त्यांनी वेगवेगळं सांगितलं. नारळ महिन्याला किती लागतात ते आत विचारून सांगितलं. कोकम गावचं. चहा कुठला, साखर किती. खाण्याबद्दल कुणी इतकं मनापासून विचारतंय, हे त्यांना आवडलं होतं.

"गेल्या सात दिवसांत मासे?" मी विचारलं.

"हो तर. अर्धा किलो सुरमई."

"विकत घेतलेली?"

"विकतच. आमच्या घरात समुद्र आहे का, मॅडम?" ते हसले. मीही हसले.

"किंमत?"

ते क्षणभर थांबले. "दोनशे रुपये. अर्ध्या किलोचे."

आत काकींच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला. मी काकांकडे पाहिलं. त्या भावात तेव्हा सुरमईचं डोकंही मिळत नव्हतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा, आईचा हट्ट म्हणून, दोन तुकड्या यायच्या, त्यामुळे भाव मला पाठ होता. त्यांनी सांगितला तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा भाव होता. पण उत्तरदात्याशी वाद घालायचा नाही, असा नियम होता. मी दोनशे भरले. पुढे मटण विचारलं, ते म्हणाले, मटण आता सोसत नाही. अंडी, दूध, फळं झाली. निघताना काकांनी मला गावचं थोडं कोकम पुडीत बांधून द्यायला सांगितलं. तेही नियमात बसत नव्हतं. मी नको म्हटलं, तर त्यांचा चेहरा इतका उतरला की मी पुडी घेतली.

जिना अर्धा उतरले तोच वरून चपलांचा आवाज आला. काकी होत्या. हातात कचऱ्याची बादली, म्हणजे घरी काही सांगायला कारण हवं म्हणून घेतलेली.

"बाय, थांब गो जरा."

मी थांबले. त्या एक पायरी वर उभ्या राहिल्या आणि वर-खाली कुणी नाही ना, ते पाहिलं.

"ते मासे तू विकतचे लिहिलेस?"

"काकांनी तसं सांगितलं."

"विकतचे नाहीत ते. मी समोरच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. सकाळी आठ ते दहा. बुधवारी तिथे मासे असतात, त्या बाई डबा भरून देतात. तोच आम्ही खातो."

"म्हणजे भजन..."

"भजनाचं राहू दे. ते असू दे तसंच." त्यांनी हात हलवला. "माझं काय ते लिहू नको. मासे फक्त खरे कर."

मला कळेना की एवढं एकच का. मग त्यांचा आवाज अगदी खाली गेला. आवाज खाली गेला की त्या गावच्या बोलीवर यायच्या, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. "माका रेशनचा भय वाटता गो. सरकारच्या कागदावर सुरमई विकत घेतात म्हणून लागला, तर उद्या रेशन बंद करतीत."

मी त्यांना समजावलं. या सर्वेक्षणाचा रेशनशी काही संबंध नाही, तुमचं नाव कुठे जात नाही, सगळ्या देशाची बेरीज होते, त्यात एकेक घर दिसतसुद्धा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरी पण खरा लिव." मग बादली घेऊन खाली गेल्या. बादलीत फक्त चहाचा चोथा होता.

खाली येऊन मी पानाच्या दुकानाशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि टॅब उघडला. सुरमईपुढचा रकाना बदलला. विकत काढलं, मिळालेली भरलं. एवढ्यावर मी थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण त्या फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी जागा असे, आणि मला तोवर त्या कामात आपण इतरांपेक्षा काटेकोर आहोत असं वाटायला लागलं होतं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पत्रिकांतल्या चुका शोधल्या होत्या. मी शेरा लिहिला: "कुटुंबप्रमुखाने मासे विकतचे सांगितले. पत्नीने नंतर दुरुस्ती सांगितली. मासे कामाच्या ठिकाणाहून मिळालेले." पाठवूनही टाकला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना मी माझ्यावर खूश होते.

महिन्याने दुसऱ्या फेरीला गेले. या वेळी दार अर्धंच उघडं होतं. काका उंबऱ्यात स्टुलावर बसले होते. अंगात बनियन. स्टूल तेच, वरचा टेबलक्लॉथ नव्हता. मी नमस्कार केला, त्यांनी केला नाही, पण उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमचे साहेब येऊन गेले."

मला अर्थ लगेच कळला नाही. आमच्यावर एक तपासनीस असत. भरलेल्या घरांपैकी काही निवडून ते स्वतः जाऊन दोन-चार प्रश्न पुन्हा विचारत, आम्ही घरी बसून फॉर्म भरत नाही ना हे बघायला. कुठलं घर तपासणार ते आम्हाला कळवत नसत.

"काय म्हणाले?"

"इथेच उभे होते, गॅलरीत. शेजारचे दोघं तिघं पण होते, संध्याकाळची वेळ. त्यांनी कागद काढला आणि मला विचारलं, मासे फुकट मिळालेले, मिसेसच्या कामावरून, बरोबर ना?"

मी हातातला टॅब पिशवीत ठेवला.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही विचारलंत, खाल्ले का. खाल्ले होते."

"काका, माझी चूक झाली. मी फक्त..."

"तुमची कसली चूक? तुम्ही सरकारी माणूस. लिहायचं ते लिहिणार." त्यांनी स्टूल उचललं. "ह्या चाळीत मी पन्नास वर्षं राहतो. माझी बायको लोकांच्या घरी जाते हे सगळ्यांना माहीत असेल. असेलच. पण कुणी तोंडावर बोललं नव्हतं. ते तुमच्या साहेबांनी बोलून दाखवलं."

"काकी आहेत का? मला त्यांना..."

"नाही. आणि आता ती कुठे जात पण नाही. काम सोडायला लावलंय मी. बाकी प्रश्न आहेत ना तुमचे? लिहा, ह्या घरात कोणी काही खात नाहीत, कोणी काही विकत घेत नाहीत."

दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं. कडीचा आवाज आला. शेजारच्या खोलीतली एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती, ती माझ्याकडे न बघता निवडत राहिली.

मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले, काकी नाहीत म्हणाले तर कदाचित खाली भेटतील असं वाटून. त्या बाहेर नव्हत्याच. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

त्या संध्याकाळी मी तपासनिसांना फोन केला. तसे ते वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं, शेरा होता म्हणून तर ते घर त्यांनी तपासायला घेतलं. "तुम्हीच लिहिलं होतं ना की दोघांची उत्तरं वेगळी? मग विचारायलाच लागणार." मी म्हटलं, बाहेर गॅलरीत विचारायला नको होतं. ते म्हणाले, "हो, ते चुकलं. मला सात घरं करायची होती त्या दिवशी." मग म्हणाले, "नकार आला असेल तर बदली घर घ्या. त्याच चाळीतलं."

"मी एक आठवडा थांबते. परत जाऊन बघते."

"मुदत बघा. आठवड्याने ही फेरी बंद होईल."

मी दोनदा गेले. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा आत टीव्ही चालू होता, मी दार वाजवलं, आवाज बंद झाला, कुणी उघडलं नाही. तिसऱ्यांदा जायची लाज वाटली.

बदली घर त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर मिळालं. भाड्याने राहणारं तरुण जोडपं, दोघंही नोकरीला, रविवारी सकाळी भेटले. त्यांच्याकडे काही आठवायची गरजच नव्हती. मुलीने फोन उघडला आणि महिन्याभरात ॲपवरून काय काय मागवलं ते एकामागून एक वाचून दाखवलं. पनीर, ओट्स, रात्रीची बिर्याणी, कुणाच्या वाढदिवसाचा केक, मांजरीचं खाणं. किमती पैशांपर्यंत बरोबर. मांजर खिडकीत बसून होतं. मासे विचारले तर मुलगी म्हणाली, "सुरमई, फिलेट. साफ करून पाकिटात येते." ती दोघं चांगली होती. त्यांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं, तासाभरात दोन्ही फेऱ्यांची सगळी पानं भरून झाली. फॉर्ममध्ये एकही शंका राहिली नाही. मी खाली उतरले तेव्हा तिसऱ्या मजल्याकडे बघितलं नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं नव्हतं. घरी कामाचं फार बोलायचं नाही, अशी आमची पद्धत. पण दोन-तीन दिवस मी जेवत नव्हते, ते तिच्या लक्षात आलं. वरणभात पुढे ठेवून ती समोर बसली आणि म्हणाली, "काय झालंय ते सांग, नाहीतर हे ताट मी उचलते."

मी सांगितलं. शेऱ्याचंही सांगितलं. माझं संपल्यावर आईने विचारलं, "तो शेरा कुणी मागितला होता?"

"कुणी नाही."

"मग कशाला लिहिलास?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतंच गं. तू ते रकान्यात भरलंस, तिथपर्यंत ठीक होतं. त्या बाईंना तेवढंच हवं होतं."

मग ती ताटाकडे बघत राहिली. आमच्या घरात मोठ्याने बोलायची सवय नाही. वडील बँकेत कारकून होते, सगळं दबक्या आवाजात चालायचं. तशाच आवाजात ती म्हणाली, "मी संध्याकाळचं दूध सोडलं, त्याला किती दिवस झाले?"

"दोन वर्षं झाली असतील. डॉक्टरांनी बंद केलं तेव्हापासून."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

मी आठवायला लागले. आठवेना.

"कुठल्याच नाही," आई म्हणाली. "तुझी नोकरी गेली तेव्हा मी सोडलं. शेजारी सांगितलं डॉक्टरांनी बंद केलंय, तुलाही तेच सांगितलं. तू दिवसभर लोकांना विचारत फिरतेस काय खाल्लंत, काय प्यायलात. मला कधी विचारलंस, कुठले डॉक्टर?"

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा लिटर जास्त दूध सांगितलं. ती प्यायली नाही. दोन वर्षांत सवय गेली, आता पोटात जड वाटतं, म्हणाली. दूध उरायचं, त्याचं दही लावायची आणि ते मलाच वाढायची. महिन्याभराने मी जास्तीचं दूध बंद केलं.

काम मी सोडलं नाही. सोडून जाणार कुठे? दुसऱ्या वर्षी मला भायखळ्याकडचा भाग दिला. मधल्या काळात त्या सर्वेक्षणाचे आकडे जाहीर झाले. पेपरात मोठा मथळा होता. देशातली माणसं आता धान्यावर पूर्वीपेक्षा कमी खर्च करतात आणि दूध, फळं, तयार पदार्थ, प्रवास, घरातल्या वस्तू यांवर जास्त, असं त्यात म्हटलं होतं. एका बाजूचे लोक म्हणाले, गरिबी हटली. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, आकडेच चूक. आमच्या ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. मी एक घेतला. त्या मथळ्यात खोटं असं काही नव्हतं. मी स्वतः भरलेली घरंच ते सांगत होती. तांदळाच्या रकान्यातले आकडे लहान होत गेलेले मी पाहिले होते, आणि बिस्किटांचे, रिचार्जचे मोठे होत गेलेले. काही घरांत तांदूळ कमी झाला कारण दुसरं खायला मिळायला लागलं. काही घरांत तो नुसताच कमी झाला. दोन्ही घरांसाठी रकाना एकच होता.

काकी मला त्यानंतर भेटल्या. लालबागच्या बाजारात, मे महिन्यात, दुपारी. मसाल्याच्या दुकानांसमोर मिरच्या घ्यायला बायकांची गर्दी होती आणि सगळ्या शिंकत होत्या. मी आईसाठी धणे घ्यायला आले होते. काकी एका दुकानाच्या कडेला सावलीत उभ्या होत्या. वाळल्या होत्या. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात असतानाच त्यांनी मला हाक मारली.

"बाय, तू ती सर्व्हेवाली ना?"

मी हो म्हटलं आणि लगेच माफी मागायला लागले. बोलायचं खूप ठरवून ठेवलं होतं, ते सगळं उलटसुलट झालं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"मीच तुला सांगितलं होतं ना. तू काय स्वतःहून नाही लिहिलंस."

शेऱ्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी तिथे, त्या गर्दीत, सांगितलं. रकाना बदलून थांबले असते तर कुणी तपासायला आलं नसतं, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. दंडावरचा हात काढून घेतला, पण गेल्या नाहीत.

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत." मग त्या सांगत गेल्या. काम सोडायला लावल्यावर काका स्वतःच वॉचमनच्या नोकरीला लागले. परळला, एका नव्या बिल्डिंगच्या गेटवर. बारा तास. वय विचारलं तर साठ सांगितलं. पहिला पगार झाला त्या दिवशी ते बाजारातून स्वतः पापलेटं घेऊन आले, मोठी, दोन. "पिशवी मुद्दाम उघडी धरून जिना चढले," काकी म्हणाल्या. "तिन्ही मजले. मी वरून बघत होते."

"मग?"

"मग काय. दोन महिने केली नोकरी. पायांना सूज आली. मग डाव्या पायाला जखम, साखर निघाली. आता घरीच असतात. गॅलरीत पण येत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी परत लागले. दुसऱ्या घरी, चिंचपोकळीला, इथे कोणाला दिसणार नाही असं. त्यांना सांगितलंय, त्यांना माहीत आहे. ते बोलत नाहीत, मी पण बोलत नाही. ती बाई पण डबा देते म्हणते. मी नको म्हणते. तिथेच थोडं खाऊन घेते. उभ्या उभ्या. घरी नेलं तर त्यांच्या घशाखाली नाही उतरत."

मिरच्यांच्या ठसक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मिरच्यांचंच आहे असं त्यांनी समजावं म्हणून मी पदराने नाक पुसलं.

"त्या कागदाचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं. "लागला का कुठे?"

मी खरं सांगायचं ठरवलं. या बाईंशी दुसरं काही बोलायचा मला हक्क नव्हता. "आकडे लागले. पेपरात आले. पण तुमचं घर त्यात नाही, काकी. काकांनी पुढचे प्रश्न घेऊ दिले नाहीत म्हणून तुमच्या जागी दुसरं घर घ्यावं लागलं."

"दुसरं कोणाचं?"

"तुमच्याच चाळीतलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचे, मांजर होतं त्यांच्याकडे."

"ती पोरं? ती गेली सोडून." त्या विचार करत राहिल्या. "म्हणजे आम्ही नाहीच त्यात?"

"नाही."

"मासे पण नाहीत?"

"नाहीत."

त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. रेशन चालू आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मग दुकानदाराने हाक मारली, त्यांची पाव किलो मिरची बांधून झाली होती. पूर्वी त्या वर्षाचा मसाला पाच किलो मिरचीचा करायच्या, मुलगा होता, सासू होती, गावाहून माणसं यायची, असं त्या मला नाही, दुकानदाराला सांगत होत्या. तो मान हलवत दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत होता.

मी त्यांची पिशवी घेतली. फार जड नव्हती, पण त्यांनी घेऊ दिली. बाजारातून चाळीपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, आम्ही फारसं बोललो नाही. त्यांनी मध्येच विचारलं, तुझ्या घरी कोण असतं. मी म्हटलं, आई. जेवते का नीट? मी म्हटलं, जेवते. एवढंच झालं. चाळीच्या तोंडाशी त्यांनी पिशवीसाठी हात पुढे केला.

"वर नको येऊ," त्या म्हणाल्या. "ते जागे असतील."

त्या आत गेल्या. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, ते खालून दिसत होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, कुलूप उघडलं, म्हणजे काकांना पायामुळे दारापर्यंत उठून यावं लागू नये म्हणून त्या बाहेरून कुलूप लावून जात असणार. दार लागल्यावर मी निघाले. भायखळ्याला चार वाजता एका घराची वेळ दिली होती आणि ती माणसं वेळेवर नाही गेलं तर बाहेर पडत असत.